जुन्या स्पोर्ट्स कारसाठी लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल निवडताना

वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबला की मागचं आतलं चाक जागच्या जागी भिरभिरतं, इंजिनचा आवाज चढतो आणि गाडी मात्र पुढे जोर पकडत नाही. डिफरन्शियल म्हणजे वळणात दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच. ही तक्रार असेल तर ती मोकळीक मर्यादित ठेवणाऱ्या लिमिटेड-स्लिप डिफरन्शियलचा, म्हणजे एलएसडीचा विचार जरूर करावा. पण त्याआधी ते चाक हलकं का होतंय हे बघायला हवं. साधा, म्हणजे ओपन डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर देतो. त्यामुळे आतल्या चाकाची पकड १५० न्यूटन-मीटरला सुटली, तर बाहेरच्या चाकालाही १५०च मिळतात, मग त्याच्यावर गाडीचं कितीही वजन असो.

आतलं चाक उचललं जाण्यामागे पुष्कळदा डिफरन्शियलचा काही दोष नसतो. मागचा अँटी-रोल बार (वळणात गाडीला कलू न देणारी दांडी) गरजेपेक्षा जाड बसवलेला असतो, शॉक ॲब्सॉर्बर संपलेले असतात, किंवा स्प्रिंग इतक्या खाली कापलेल्या असतात की चाकाला खाली यायला जागाच उरत नाही. मागचा बार एका बाजूने सोडून तीच वळणं पुन्हा घेऊन बघा. चाक फिरणं बरंच कमी झालं, तर खर्च आधी सस्पेन्शनवर करा. बिघडलेल्या सस्पेन्शनवर एलएसडी बसवला की गाडी वेगवान होत नाही, फक्त अवघड होते.

कोणते प्रकार, आणि ते कसे वागतात

बाजारात नावं ढीगभर असली तरी जुन्या गाडीच्या मालकासमोर खरे पर्याय दोनच असतात: क्लच प्लेटचा आणि हेलिकल गिअरचा. बाकीचे आधी निकालात काढू.

व्हिस्कस प्रकारात सिलिकॉन द्रव आणि भोकं पाडलेल्या पातळ चकत्या असतात. सिएरा आरएस कॉसवर्थमध्ये आणि पहिल्या एमएक्स-५ च्या १.६ लिटर गाड्यांमध्ये तो कारखान्यातून यायचा. चाक आधी घसरल्याशिवाय तो पकडत नाही आणि वयानुसार त्यातला द्रव निकामी होतो. तीस वर्षांचा व्हिस्कस युनिट विकत घेणं म्हणजे बहुतेक वेळा ओपन डिफरन्शियलच घेणं. कोन प्रकारात निमुळते कोन, म्हणजे शंकू, थेट केसमध्ये, म्हणजे डिफरन्शियलच्या फिरत्या कवचात घासतात. कोन झिजतात तशी केसही झिजते, त्यामुळे तो दुरुस्त करण्यापेक्षा बदलावा लागतो. दोन्ही चाकं दातांनी जखडून वळणात ते दात सोडणारे लॉकर छोट्या व्हीलबेसच्या गाडीत वळणाच्या मध्यावर झटका देतात. आणि वेल्डिंग करून बंद केलेला डिफरन्शियल रस्त्यावरच्या गाडीत बसवूच नये. प्रत्येक वळणात हाफ शाफ्ट, म्हणजे डिफरन्शियलपासून चाकापर्यंतची दांडी, पिळला जातो आणि एके दिवशी तुटतो. चाक फक्त हाफ शाफ्टवरच टिकून असेल अशा ॲक्सलमध्ये तर शाफ्टबरोबर चाकही निघून येतं.

क्लच प्लेटचा डिफरन्शियल, ज्याला सॅलिसबरी प्रकार म्हणतात, तो असा चालतो: आतला क्रॉस शाफ्ट दोन प्रेशर रिंगांच्या उतरत्या खाचांमध्ये बसलेला असतो. टॉर्क आला की तो या रॅम्पवर चढू पाहतो, रिंगा एकमेकींपासून दूर ढकलतो आणि प्लेटांचा गठ्ठा दाबला जातो. टॉर्क जितका जास्त तितका दाब जास्त. शिवाय स्प्रिंगचा प्रीलोड, म्हणजे आधीपासूनचा दाब, असल्यामुळे एक चाक हवेत असलं तरी दुसऱ्याला थोडा टॉर्क मिळतोच, आणि त्या थोड्यातूनच रॅम्प काम सुरू करतात.

रॅम्पचा कोन ही या प्रकाराची चावी आहे. बहुतेक कंपन्यांच्या मापात कोन लहान म्हणजे पकड जास्त. ३० अंश घट्ट धरतो, ४५ मध्यम, ६० सौम्य आणि ८० ते ९० जवळजवळ काहीच नाही. दोन आकडे दिलेले असतात: एक ॲक्सिलरेटर दाबल्यावरचा, दुसरा सोडल्यावरचा. कोणता आकडा कोणत्या बाजूचा आणि कोन कुठून मोजलाय, हे विकणाऱ्याकडून लेखी घ्या, कारण सगळे एकाच पद्धतीने मोजत नाहीत. फक्त ओढताना पकडणाऱ्याला वन-वे, दोन्हीकडे सारखा पकडणाऱ्याला टू-वे आणि सोडल्यावर कमी पकडणाऱ्याला दीड-वे म्हणतात. टू-वे ब्रेक मारताना गाडी सरळ ठेवतो, पण वळणात शिरताना नाक बाहेर ढकलतो. हलक्या, कमी ताकदीच्या गाडीत हे ढकलणं फार जाणवतं.

हेलिकल गिअरचा म्हणजे क्वेफ एटीबी किंवा टॉर्सन जातीचा. यात प्लेटा नाहीत. तिरप्या दातांचे गिअर टॉर्कखाली केसच्या भिंतींवर आणि टोकांवर दाबले जातात आणि त्या घर्षणातून कमी पकडीच्या चाकाच्या टॉर्कच्या ठराविक पटीत दुसऱ्या चाकाला टॉर्क मिळतो. झीज नगण्य, ऑइल साधं, हळू वळताना आवाज नाही, स्टिअरिंगवर ओढ नाही. मर्यादा एकच, पण मोठी: पट शून्याची असेल तर उत्तरही शून्य. आतलं चाक पूर्ण हवेत गेलं की हा ओपन डिफरन्शियलसारखाच वागतो. अशा वेळी ब्रेक अगदी हलका टेकवला तर हवेतल्या चाकाला थोडा विरोध मिळतो आणि पट पुन्हा लागू होते. काही आवृत्त्यांत स्प्रिंग वॉशरने थोडा प्रीलोड दिलेला असतो, त्याने हा दोष कमी होतो.

टक्के आणि पट यांचा हिशोब

क्लच प्लेटवाले टक्क्यांत बोलतात, गिअरवाले पटीत. तुलना करायची तर एकाच भाषेत आणावं लागतं. लॉक टक्के म्हणजे दोन चाकांच्या टॉर्कमधला फरक भागिले त्यांची बेरीज. त्यावरून २५ टक्के म्हणजे १.६७ पट, ४० टक्के म्हणजे २.३३ पट आणि ७५ टक्के म्हणजे ७ पट. आतलं चाक २०० न्यूटन-मीटर धरू शकत असेल, तर ओपनमध्ये एकूण ४०० रस्त्यावर उतरतात, २५ टक्क्यांत सुमारे ५३३, ४० टक्क्यांत ६६७, आणि २.५ पटीच्या गिअरवाल्यात ७००. म्हणजे जोवर आतलं चाक जमिनीवर आहे, तोवर चांगला गिअरवाला ४० टक्क्यांच्या प्लेटवाल्याला हार जात नाही.

म्हणून निवड टक्क्यांवरून करू नका. तुमच्या गाडीचं आतलं चाक हलकं होतं की हवेत जातं, यावरून करा. कुणाला तरी रस्त्याच्या कडेला उभं करून मागून व्हिडिओ काढायला सांगा. टायर आणि रस्ता यांच्यामध्ये फट दिसली तर प्रीलोड असलेला क्लच प्लेटचा, नाही दिसली तर गिअरचा. रस्त्यावर चालणाऱ्या बहुतेक जुन्या स्पोर्ट्स गाड्यांना, विशेषतः स्वतंत्र मागचं सस्पेन्शन असलेल्यांना, गिअरवालाच योग्य असतो. सॉलिड ॲक्सलच्या, म्हणजे दोन्ही मागची चाकं एकाच ताठ ॲक्सलवर असलेल्या हलक्या गाडीने ट्रॅकवर किंवा टेकडीच्या चढाईच्या शर्यतीत भाग घ्यायचा असेल तर ४० टक्क्यांच्या आसपासचा, सोडताना सौम्य असलेला दीड-वे प्लेटवाला बरा. ७५ टक्क्यांचा युनिट रस्त्यावरच्या गाडीत घालू नका. ओल्या रस्त्यावर दोन्ही चाकं एकदम सुटतात आणि मागचा भाग इशारा न देता बाहेर येतो.

पुढची चाकं ओढणाऱ्या जुन्या मिनीचा प्रश्न वेगळाच आहे. तिथे इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच ऑइलमध्ये चालतात. प्लेटवाला बसवला तर प्लेटांचा झिजलेला कीस इंजिनच्या ऑइलमध्ये फिरतो, आणि घर्षण कमी करणारं ॲडिटिव्ह टाकायची सोय नाही. शिवाय स्टिअरिंग हातातून ओढलं जातं. मिनीसाठी गिअरवालाच घ्या. पोर्शे ९११ सारख्या ट्रान्सॲक्सलमध्येही (गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच पेटीत) हाच विचार करावा लागतो: डिफरन्शियल आणि सिंक्रोमेश (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या रिंगा) एकाच ऑइलवर असतात, आणि प्लेटांना गुळगुळीत ठेवणारं ॲडिटिव्ह सिंक्रो रिंगांनाही घसरवतं. मग गिअर पडताना कुरकुरतात.

ऑर्डर देण्याआधी काय मोजायचं

एकाच मॉडेलमध्ये दोन-दोन ॲक्सल आलेले असतात आणि चुकीच्या पार्टचं सगळ्यात मोठं कारण हेच. एमजीबीच्या सुरुवातीच्या रोडस्टरला बॅन्जो ॲक्सल होता. साधारण १९६७ पासून तिला ट्यूब ॲक्सल आला, आणि जीटीला तो सुरुवातीपासूनच आहे. बीएमडब्ल्यू ई३० मध्ये ३१८आयला १६८ मिमीचा तर ३२५आयला १८८ मिमीचा डिफरन्शियल आहे, आणि एकाचं आतलं सामान दुसऱ्यात जात नाही. डॅटसन २४०झेडला आर१८०, पुढच्या २८०झेडला त्याहून दणकट आर२००. पन्नास वर्षांत कुणी काय बदललंय याची खात्री नसते, म्हणून वर्ष बघून नव्हे, कव्हर उघडून ओळख पटवा.

उघडल्यावर इतकं लिहून काढा: क्राउन व्हील (डिफरन्शियलचं मोठं गिअर) आणि पिनियन (त्याला फिरवणारं छोटं गिअर) यांचे दात मोजून रेशो, म्हणजे त्यांचं प्रमाण, क्राउन व्हीलच्या बोल्टांची संख्या आणि व्यास, हाफ शाफ्टच्या स्प्लाइनची (टोकावरच्या उभ्या खाचांची) संख्या आणि व्यास, साइड बेअरिंगचा नंबर. काही ॲक्सलमध्ये केसची फ्लेंज रेशोनुसार सरकलेली असते. डाना ४४ मध्ये ३.७३ पर्यंत एक केस, ३.९२ पासून पुढे दुसरी. रेशो न सांगता मागवली तर क्राउन व्हील पिनियनपर्यंत पोचतच नाही किंवा त्याच्यावर चढतं.

सॉलिड ॲक्सलमध्ये आणखी एक जागा फसवते. काही गाड्यांत हाफ शाफ्टची आतली टोकं मधल्या पिनवर किंवा ठोकळ्यावर टेकतात आणि शाफ्टची आत-बाहेर हालचाल तिथेच रोखली जाते. गिअरवाल्या युनिटमध्ये तशी पिन नसते. त्याच्याबरोबर थ्रस्ट बटण येतं का, आणि तुमच्या शाफ्टची लांबी त्याला जुळते का, हे पैसे देण्याआधी विचारा.

आता बाकीच्या साखळीकडे बघा. ओपन डिफरन्शियलमध्ये कमकुवत चाक घसरायचं आणि शाफ्ट वाचायचे. एलएसडीत बाहेरच्या एका शाफ्टवर जास्त टॉर्क येतो. ट्रायम्फ टीआर६ मध्ये डिफरन्शियल टांगणाऱ्या चॅसिसवरच्या पिना आणि ब्रॅकेट तडकतात हे प्रसिद्धच आहे. युनिट बाहेर असतानाच तिथे तारेच्या ब्रशने रंग काढा, भिंगातून तडे बघा आणि मजबुतीची पट्टी वेल्ड करून घ्या. लोटस एलानच्या रबरी रोटोफ्लेक्स कपलिंगला भेगा असतील तर एलएसडी त्यांना लवकर संपवेल. पहिल्या एमएक्स-५ मधला ६ इंची डिफरन्शियल मुळात नाजूक आहे. त्यात महागडा एलएसडी घालण्यापेक्षा १.८ लिटर गाडीचा ७ इंची युनिट, त्याच्या हाफ शाफ्ट आणि प्रोपेलर शाफ्टसकट घेणं शहाणपणाचं. जॅग्वार ई-टाइपमध्ये मागचे डिस्क ब्रेक डिफरन्शियललाच चिकटून असल्यामुळे त्यांच्या उष्णतेने आउटपुट शाफ्टची ऑइल सील शिजतात. काम करायला संपूर्ण मागचा सांगाडा खाली उतरवावा लागतो, तेव्हा सील, ब्रेक आणि हँडब्रेकच्या पट्ट्या त्याच वेळी करून टाका.

शक्य असेल तर दुसरं हाउसिंग मिळवून त्यात एलएसडी उभारा आणि गाडीचा मूळ युनिट ऑइल भरून, भोकं बंद करून जपून ठेवा. मूळ नंबरांची गाडी पुढे विकताना त्याची किंमत येते, आणि काम चालू असताना गाडी स्टँडवर अडकून पडत नाही. रेशो बदलायचा विचार असेल तर तोही आत्ताच, कारण मजुरी तीच लागते. फक्त स्पीडोमीटर चुकीचा दाखवू लागेल हे धरून चाला.

जुना एलएसडी तपासताना

दोन्ही चाकं उचला, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक सोडा आणि एक चाक हाताने फिरवा. दुसरं त्याच दिशेने फिरलं तर प्रीलोड शिल्लक आहे. उलट दिशेने फिरलं तर प्लेटवाल्याचा प्रीलोड संपलाय. पण प्रीलोड नसलेला टॉर्सन किंवा हेलिकल युनिट चांगला असतानाही उलटच फिरतो, त्यामुळे या एका चाचणीवर तो नाकारू नका.

प्लेटवाल्याचं नेमकं माप असं घ्या: एक मागचं चाक जमिनीवर, दुसरं वर, पुढच्या चाकांना ठोकळे, न्यूट्रल, हँडब्रेक मोकळा. वरच्या हबवर बोल्टने एक पट्टी बसवा, तिच्या बरोबर केंद्रात नट वेल्ड केलेला असावा. त्यावर टॉर्क रेंच लावून हब सरकायला किती जोर लागतो ते वाचा. काटा असलेला रेंच यासाठी क्लिकवाल्यापेक्षा सोयीचा. रस्त्यावरच्या गाडीसाठी ४० ते ७० न्यूटन-मीटर हे चांगलं माप. १५ ते २० च आलं तर प्लेटा बदलायला झाल्या आहेत. हबने एकसारखं सरकायला हवं. मध्येच अडखळत असेल तर प्लेटा जळून वाकड्या झालेल्या असू शकतात.

बसवताना

क्राउन व्हील नव्या केसवर बोल्ट आवळून ओढून बसवू नका, ते तिरकं बसतं. ओव्हनमध्ये ८० ते ९० अंशांपर्यंत गरम करा, म्हणजे हाताने बसतं. ज्योत लावायची नाही, दातांचं हार्डनिंग जातं. बसणारे पृष्ठभाग तेलाच्या दगडाने घासून घ्या, कारण केसाएवढी बारीक कुसळही रनआउट, म्हणजे फिरतानाचा डगमग, बिघडवते. बोल्ट नवे, थ्रेडलॉकर लावून, समोरासमोरच्या क्रमाने आवळायचे. नव्या केसची फ्लेंज पातळ असेल तर जुने बोल्ट भोकाच्या तळाला टेकतात आणि टॉर्क बरोबर दाखवूनही क्राउन व्हील सैलच राहतं. म्हणून आधी प्रत्येक भोकाची खोली मोजा. नंतर डायल गेजने मागच्या बाजूचा रनआउट ०.०५ मिमीच्या आत आहे ना, बघा.

पिनियन हलवला नसेल तर त्याची खोली बदलत नाही, पण साइड बेअरिंगच्या शिम, म्हणजे जाडी जुळवणाऱ्या पातळ चकत्या, मात्र पुन्हा मोजून ठरवाव्याच लागतात. जुन्या शिम तशाच घालणं हे नंतरच्या बहुतेक घरघरीचं कारण असतं. बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळी जागा, दाताच्या बाहेरच्या टोकाशी, दाताला काटकोनात गेज लावून, किमान चार ठिकाणी मोजा. बहुतेक स्पोर्ट्स गाड्यांत तो ०.१० ते ०.२० मिमीच्या दरम्यान असतो, पण अंतिम आकडा तुमच्या मॅन्युअलचाच. एका बाजूची शिम काढून तेवढीच दुसऱ्या बाजूला घातली की बॅकलॅश बदलतो आणि बेअरिंगचा प्रीलोड तसाच राहतो.

मग दातांना मार्किंग पेस्ट लावून, क्राउन व्हीलला थोडा विरोध देत पिनियन फिरवा आणि ठसा बघा. ठसा आतल्या टोकाकडे गेला असेल तर क्राउन व्हील पिनियनपासून दूर न्या, बाहेरच्या टोकाकडे असेल तर जवळ आणा. ठसा दाताच्या मुळाशी खोल असेल तर पिनियन फार आत आहे, माथ्यावर असेल तर फार बाहेर. जुन्या, एकमेकांत मुरलेल्या जोडीचा ठसा पुस्तकातल्या चित्रासारखा येत नाही. तिथे उघडण्याआधी घेतलेला मूळ ठसा आणि मूळ बॅकलॅश यांच्याशी जुळवणं जास्त महत्त्वाचं, म्हणून ते आधीच नोंदवून ठेवा.

प्लेटवाल्याच्या नव्या फ्रिक्शन प्लेटा बसवण्याआधी रात्रभर ऑइलमध्ये बुडवून ठेवा. कोरड्या बसवल्या तर पहिल्या काही वळणांतच जळतात. प्लेटांचा क्रम लिहून ठेवा. केसमध्ये अडकणारी आणि शाफ्टबरोबर फिरणारी अशा एकाआड एक लावल्या तर सगळ्या बाजू काम करतात. एकाच जातीच्या दोन शेजारी ठेवल्या तर तेवढी पकड कमी होते. सौम्य सेटिंग हवं असेल तर हीच युक्ती मुद्दाम वापरतात.

ऑइल आणि पहिले किलोमीटर

गिअरवाल्याला साधं जीएल-५ हायपॉइड ऑइल पुरतं, ॲडिटिव्ह टाकू नका, कारण त्याला घर्षणच हवं असतं. प्लेटवाल्याला कंपनीने सांगितलेलं लिमिटेड-स्लिप ऑइल. ॲडिटिव्ह वेगळं टाकायचं असेल तर सांगितलेल्या मात्रेच्या निम्म्याने सुरुवात करा, कारण टाकलेलं काढता येत नाही आणि जास्त झालं की पकडच जाते. ट्रान्सॲक्सलमध्ये मात्र गिअरबॉक्स बनवणाऱ्याने सांगितलेलीच ऑइलची श्रेणी पाळा, जीएल-५ आंधळेपणाने ओतू नका.

पहिले तीसेक किलोमीटर सौम्य चालवून गाडी पूर्ण थंड होऊ द्या. प्लेटवाला असेल तर मोकळ्या जागेत हळू वेगाने आठच्या आकड्यात दोन्ही दिशांना दहा-पंधरा फेऱ्या मारा, म्हणजे ऑइल प्लेटांच्या मध्ये शिरतं. ८०० ते १००० किलोमीटरला पहिलं ऑइल बदला. चुंबकावर बारीक राखाडी चिखल असणं साहजिक आहे. चकाकणारे तुकडे असतील तर कव्हर उघडा.

हळू वळताना मागून खडखड किंवा धडधड येत असेल तर प्लेटा चिकटून-सुटून चालत आहेत. आधी उरलेलं ॲडिटिव्ह थोडं-थोडं टाका, तरीही राहिली तर प्रीलोड जास्त आहे. फक्त ओढताना किंवा फक्त सोडताना येणारी घरघर ठशाचं काम बिघडल्याची खूण आहे, ती ऑइलने जात नाही. गिअर टाकताना एकच ठण्ण आवाज येत असेल तर बॅकलॅशच्या आधी डिफरन्शियलची रबरी माउंटिंग बघा.

मागचे दोन्ही टायर एकाच कंपनीचे, एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले ठेवा. व्यासात फरक असला की सरळ रस्त्यावरही डिफरन्शियल सतत घसरत राहतो, ऑइल तापतं आणि प्लेटा काही हजार किलोमीटरमध्ये संपतात. आणि गाडीत एलएसडी आहे हे तिच्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाला सांगा, इंजिनच्या खोलीत चिठ्ठी चिकटवली तर उत्तम. एकच मागचं चाक जॅकवर उचलून इंजिन गिअरमध्ये चालवलं तर जमिनीवरचं चाक गाडी जॅकवरून पुढे फेकतं. चाक बॅलन्स करायचं असो की आवाज शोधायचा असो, दोन्ही मागची चाकं उचलून भक्कम स्टँडवर ठेवल्याशिवाय गिअर टाकायचा नाही.